‘मोक्याची जागा’ आणि इतर हक्कांचा रकाना

घरविक्रीच्या जाहिरातीतील शब्द आणि घराला मिळणारा भाव यांच्या संबंधाविषयी दलालीच्या व्यवसायात एक समजूत रूढ आहे, ती अशी की वर्णन जितके आकर्षक, तितका भाव चढा आणि तितका सौदा लवकर. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्यासारख्या तालुक्याच्या गावी ही समजूत भिंतीवर गेरूने रंगवलेल्या ‘विकणे आहे’ या दोन शब्दांपासून निघून मोबाइलवर फिरणाऱ्या ‘मोक्याची जागा, रोडटच, वास्तूप्रमाणे, त्वरा करा!!!’ या मजकुरापर्यंत येऊन पोचली आहे. वादपद्धतीत पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडून घेतलेले प्रतिपक्षाचे मत, म्हणतात तो येथे हाच होय.

या पूर्वपक्षाला सर्वांत बळकट वाटणारा आधार अमेरिकेतील आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला, तो २००८ साली शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाला, आणि त्याआधी २००५ साली आलेल्या लेव्हिट व स्टीफन डब्नर यांच्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या पुस्तकाने त्यातील शब्दांची गंमत सर्वतोमुखी केली. ‘ग्रॅनाइट’, ‘मेपल’ असे शब्द असलेल्या जाहिरातींतील घरांना भाव जास्त मिळालेला दिसला. मात्र शब्दाला भाव आहे एवढेच वाचून थांबणारा वाचक याच यादीचा दुसरा भाग विसरतो. ‘अप्रतिम’, ‘प्रशस्त’, ‘मोहक’, ‘उत्तम परिसर’ हे शब्द आणि उद्गारचिन्ह ज्या जाहिरातींत होते, त्या घरांचा भाव उलट कमी निघाला होता. म्हणजे वर्णनाने भाव चढतो हे मत ज्या पुराव्यावर उभे केले जाते, तोच पुरावा ते मत पाडतो. शिवाय हा संबंध सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी बरोबर आढळतात एवढेच त्यातून कळते, एकीने दुसरी घडवली असे सिद्ध होत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्याचे घर महाग विकले जाते ते ओट्यामुळे. शेणाने सारवलेल्या चुलीपुढे तो शब्द लिहिल्याने चुलीचा भाव वाढणार नाही. पोकळ विशेषणाचे गणित याच्या उलट चालते, कारण ज्याच्याकडे सांगण्याजोगी वस्तू नसते तोच ‘अप्रतिम’ लिहितो आणि गिऱ्हाईक ते बरोबर ओळखते.

यावर दुसऱ्या टोकाचे मत असे की शब्दांना काहीच अर्थ नाही, घर पाहिल्यावरच काय ते ठरते. तेही टिकत नाही. त्याच अभ्यासात दलालांनी स्वतःच्या मालकीची घरे विकताना तशाच इतर घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवली आणि ती घरे बाजारात साधारण साडेनऊ दिवस अधिक ठेवली, असे आढळले. स्वतःच्या घराची जाहिरात लिहिताना हेच दलाल पोकळ विशेषणे टाळून ठोस वर्णन लिहीत होते. कारण टक्केवारीत आहे. एक टक्का दलालीवर काम करणाऱ्याने मालकासाठी पन्नास हजार रुपये जास्त ओढून आणले तरी त्याच्या खिशात पाचशेच पडतात, म्हणून परक्याच्या घराला तो ‘तातडीने विकणे आहे’ असे लिहून मोकळा होतो. त्या एका ‘तातडीने’मधून समोरच्याला मालकाची गरज कळते आणि बोली तेथूनच खाली सुरू होते. वेग आणि भाव दोन्ही एकाच शब्दातून मिळतील असे सांगणारा दलाल बहुधा वेगाचाच धनी असतो.

आता उत्तरपक्ष, म्हणजे मंडन. शब्द भाव निर्माण करत नाही, तो माहिती पोचवतो; आणि जी माहिती गिऱ्हाइकाला अन्यथा मिळाली नसती, तिच्यापुरतीच त्याची किंमत असते. शिकागोतील गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातील दगड जाहिरातीशिवाय कळत नाही. पोंभुर्ण्यात घर कवेलूचे की स्लॅबचे, वाडीतल्या विहिरीला वैशाखात पाणी राहते की नाही, शेजारी कसा, हे गिऱ्हाइकाला मालकाइतकेच ठाऊक असते, त्यामुळे ‘मोक्याची जागा’ हे पानठेल्यावर हसण्यापलीकडे काही करत नाही. येथे जे दिसत नाही ते घरात नसून दप्तरात, सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ यासारख्या रकान्यांत आहे.

जमीन भोगवटादार वर्ग-१ ची, म्हणजे हस्तांतरणास मोकळी, की वर्ग-२ ची, म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, हे भिंतीकडे पाहून कळत नाही. मालक अनुसूचित जमातीचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ नुसार बिगर आदिवासीला विक्री करण्यास शासनाच्या पूर्वसंमतीने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि गोंडवस्तीच्या या भागात हा प्रश्न कागदापुरता राहत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ अनेक जण मालकीचा दाखला म्हणून पुढे करतात. वस्तुतः ती कर आकारणीची नोंद आहे. सर्वांत बोलका शब्द मात्र ‘झुडपी जंगल’ हा होय. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदीतला हा शब्द, कानाला झाडोऱ्यापेक्षा जड न वाटणारा, २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन या अर्थाचा ठरवला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना मार्ग ठेवला, पण अशा जमिनीचा वापर बदलायचा तर वन संरक्षण कायदा, १९८० खालील मान्यता आवश्यक राहिली. रकान्यातल्या या दोन शब्दांनी भूखंडाच्या भावाचे जे होते, ते दहा विशेषणांना सावरता येत नाही.

कायदा आहेच, असे कोणी म्हणेल. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झालेल्यास भरपाई मागता येते. परंतु तो प्रवर्तकांच्या प्रकल्पांसाठी आहे, एकाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घरासाठी नाही. त्या घराला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५५ लागू पडते, ज्याप्रमाणे स्वतःला ठाऊक असलेला, पण गिऱ्हाइकाला साध्या दक्षतेने न कळणारा मिळकतीतला वा मालकीतला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. तेव्हा ‘तीन खोल्या, कवेलू, मागे विहिरीसह वाडी, भोगवटादार वर्ग-१, बोजा नाही, सातबारा ताजा, मागची भिंत पावसात ओल धरते’ ही जाहिरात रुक्ष खरी, पण ती कायद्याच्या अपेक्षेच्या सर्वांत जवळची आहे.

अशा प्रांजळपणाने भाव पडेल, हा शेवटचा आक्षेप. ओलीपुरता तो पडेलही, कारण भिंत दुरुस्त करण्याचा खर्च गिऱ्हाईक वजा करणारच. मात्र न सांगितलेला वर्ग-२ इसार दिल्यानंतर तलाठ्याच्या टेबलावर उघडा पडतो, आणि मग गिऱ्हाईक दुरुस्तीचा खर्च वजा करत बसत नाही, इसार परत मागते.