एकरास एकर दिला म्हणजे फिटले काय?

नृसिंहवाडीच्या घाटाला लागणारे पाणी कोठून येते, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी कृष्णा आणि पंचगंगा ही दोन नावे सांगतील. तिसरे नाव वारणेचे आहे. वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते आणि मग ते पाणी वाडीला येते. या वारणेच्या वरच्या खोऱ्यात, चांदोलीला, शेते पुन्हा रान झाली तर काय घडते हे पाहावयास मिळते.

वारणेवर चांदोलीला धरण झाले आणि खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. वरचा प्रदेश १९८५ मध्ये अभयारण्य ठरला, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. तेथील गावे उठली. माणसे सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर वसविली गेली. मागे राहिलेल्या शेतांवर गवत वाढले. त्या माळांवर आता गवे आणि सांबर चरतात. हे का घडू शकले? शेजारीच जुने जंगल उभे होते. बी वाऱ्याने आले, पाखरांच्या विष्ठेतून आले. जनावरे आपल्या पायांनी आली.

हे उदाहरण आठवण्याचे कारण असे की, विकासकामांनी मोडलेल्या अधिवासाची भरपाई दुसरीकडे रान वाढवून करावी, हा विचार आज कायद्यात उतरला आहे. आपल्याकडे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या नियमांनुसार वनजमीन इतर कामाला दिली, तर साधारणपणे तितकीच वनेतर जमीन घेऊन तीवर झाडे लावावी लागतात. त्यासाठी जमणाऱ्या निधीचा कायदा २०१६ मध्ये झाला. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना निसर्गाची स्थिती पूर्वीपेक्षा निदान १० टक्के सुधारून दाखवावी लागते आणि ती सुधारणा ३० वर्षे टिकवावी लागते. त्यासाठी काही शेतकरी आपली शेते राखून ठेवतात.

विचार चांगला आहे. परंतु हिशेब नुसता एकरांत मांडला तर तो फसवा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

धनेश पक्ष्याचे पाहा. त्याला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. असे झाड तोडून दुसरीकडे शंभर रोपे लावली, तरी त्यांतल्या एकाला ढोली पडेपर्यंत कित्येक दशके जातील. तोवर धनेशाने राहावे कोठे? उलट, माळावर झाडे दाटीने लावली तर गवतावर जगणाऱ्या काळविटाचे घर जाते. म्हणजे भरपाईच्या नावाखाली दुसरे नुकसान! चांदोलीतही माळ मिळाले. बुडालेला नदीकाठ मात्र परत आला नाही.

आता वाडीच्या परिसराकडे वळू. येथे काळ्या जमिनीत ऊस पार नदीच्या कडेपर्यंत गेला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हीच कडेची शेते पाण्याखाली होती. काठाचा एक पट्टा नांगराविना सोडून तेथे करंज, उंबर, वाळुंज आणि लव्हाळे वाढू दिले, तर मुळे माती धरून ठेवतील. खंड्या आणि वेडा राघू उभ्या दरडीत बिळे करून घरटी घालतात. त्यांना दरड मिळेल. कृष्णेतील मगर काठावर खड्डा करून अंडी घालते. तिला निवांत जागा मिळेल आणि माणसाशी होणारी तिची गाठही टळेल. मात्र हा पट्टा नदीकाठच्या नुकसानीची भरपाई म्हणूनच धरावा. सह्याद्रीतले जंगल तोडून त्याची फेड येथे झाली, असे कोणी म्हणू नये.

यावर शेतकरी विचारील, "उसाचे रान मी का सोडू?" त्याचा प्रश्न रास्त आहे. चांदोलीच्या रानाची किंमत घरदार सोडणाऱ्यांनी मोजली. तसे पुन्हा होता कामा नये. ज्याच्या प्रकल्पाने नुकसान केले त्याने शेतकऱ्याला दरवर्षी खंड द्यावा, तोही निदान ३० वर्षांच्या लेखी कराराने. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहावी आणि रान राखण्याचे काम त्यालाच मजुरीसह मिळावे. पट्टा द्यावयाचा की नाही, हे त्याने ठरवावे.

भरपाईची कोणतीही योजना ऐकली की तीन प्रश्न विचारावेत. जे गेले त्याच जातीचे परत येणार आहे काय? ते किती वर्षांनी येणार? तोवर त्याची राखण कोण करणार? शिक्षकांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या लागवडीत जावे आणि नंतर जुन्या नदीकाठावर जावे. दोन्ही ठिकाणी सारख्याच आकाराच्या जागेत किती प्रकारची झाडे, पाखरे व किडे दिसतात ते वहीत लिहून काढावे. एकरांचा हिशेब कोठे चुकतो, ते त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की मुलांना आपोआप कळेल.