रक्ताचं नातं आणि रक्ताची पिशवी

घरच्या माणसाला घरच्याच माणसाचं रक्त द्यावं, तेही ताजं, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा एकदम परका ठरतो. गेल्या महिन्यात धंतोलीत मोठ्या मामांची बायपास झाली तेव्हा हेच झालं. मुलगा बाही वर करून तयार, गटही जुळलेला, आणि रक्तपेढीवाले म्हणतात, तुमचं रक्त आम्ही घेऊ, पण ते तुमच्या वडिलांना देणार नाही. झालं! फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. "पोराचं रक्त बापाला चालत नाही म्हणजे काय बाप्पा!" इति अमरावतीच्या मावशी. त्यांना उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतोय.

तर मंडळी, मी डॉक्टर नाही, पण माझ्या मते रक्तपेढीवाले शंभर टक्के बरोबर होते.

मामांचं ऑपरेशन हार्ट-लंग मशीनवर झालं. म्हणजे हृदय थांबवून काही वेळ सगळं रक्त बाहेरच्या नळ्यांतून फिरवलं. १९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी हे मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पण रक्ताला प्लास्टिकची सवय नसते. नळ्यांचा स्पर्श झाला की शरीराला वाटतं हल्ला झाला. पांढऱ्या पेशी चवताळतात, आणि त्यानंतरचे काही दिवस प्रतिकारशक्ती मलूल होते. प्लेटलेटही थकलेल्या असतात, त्यामुळे रक्त झिरपत राहतं. रक्ताचे घटक वेगळे करून द्यायची सोय रुळली नव्हती तेव्हा सर्जन लोकांना म्हणून ताजं रक्त हवं असे. आणि ऐनवेळी ताजं रक्त कोण देणार? नातेवाईकच.

जपानमध्ये हे सर्रास चालायचं. ऑपरेशन छान व्हायचं, आणि साधारण दहा दिवसांनी ताप, अंगभर लाल पुरळ, जुलाब, मग पांढऱ्या पेशीच नाहीशा. अशा दहातले नऊ रुग्ण दगावत. बरीच वर्षं कारण कळेना. १९८० च्या दशकात उलगडा झाला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत हृदयाच्या साधारण साडेसहाशे ऑपरेशनांमागे एकाला हा प्रकार झाल्याचं दिसलं.

भानगड अशी. रक्ताच्या पिशवीतून दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशीही आत जातात. परक्याच्या असल्या तर शरीर त्या ओळखतं आणि संपवतं. ही ओळख पटते पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांवरून (रक्तगटाशी त्यांचा संबंध नाही). खुणांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. आता समजा बापाचे संच 'क' आणि 'ख', आणि मुलाला दोन्हीकडून 'क'च मिळाला. मुलाच्या पेशी बापाच्या अंगात गेल्या की बापाच्या शरीराला त्यात परकं काहीच दिसत नाही. त्या पेशींना मात्र बापाचा 'ख' परका दिसतो, आणि त्या बापावरच तुटून पडतात! आई-वडील नात्यातले असतील तर असा योग जास्त संभवतो. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या महाराष्ट्रात हे अगदीच अशक्य म्हणता येत नाही.

हे दुर्मीळ आहे, मान्य. पण झालं तर जवळजवळ उपाय नाही, आणि टाळायला पैसा लागत नाही. पिशवीवर किरणं सोडून या पेशी निकामी करता येतात, जपानच्या रेडक्रॉसने १९९८ पासून तसं करायला सुरुवात केली. सगळ्या गावांत ती सोय नाही. मग मुलाचं रक्त दुसऱ्या कुणाला आणि दुसऱ्याचं मामांना, इतका साधा मार्ग. शिवाय पिशवी दोनेक आठवडे फ्रीजमध्ये राहिली की या पेशी बऱ्याचशा निष्प्रभ होतात. म्हणजे ज्या 'शिळ्या' रक्ताला सगळे नाकं मुरडत होते, ते या बाबतीत उलट बरं.

दुसरी तक्रार : हिमोग्लोबिन ८.६ आलं तरी डॉक्टरांनी आणखी बाटली लावली नाही. अहो, मशीनच्या नळ्या आधी लिटर-दीड लिटर द्रवाने भरतात, रक्त त्यानेच पातळ होतं. २०१७ साली १९ देशांतल्या सुमारे पाच हजार रुग्णांवरचा अभ्यास आला. काहींना हिमोग्लोबिन ९.५ खाली गेलं की रक्त दिलं, काहींना ७.५ खाली गेल्यावरच. कमी रक्त मिळालेल्यांत मृत्यू, हार्ट अटॅक, लकवा काही वाढलं नाही. रक्त हे टॉनिक नव्हे. उलट परकं रक्त प्रतिकारशक्ती थोडी दाबतं. १९७३ मध्येच दिसून आलं होतं की आधी रक्त घेतलेल्यांत दुसऱ्याची बसवलेली किडनी जास्त टिकते. किडनीला ते सोयीचं, पण छातीची जखम भरत असताना कशाला हवं?

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, ते उत्तमच झालं. पण त्या जागी आपण काय आणलं, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार भाचे-पुतणे हुडकायची धावपळ. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची कितीतरी मुलं आहेत, त्यांना वारंवार रक्त लागतं. दर वेळी कुठले भाचे आणायचे त्यांनी? त्यात आपला उन्हाळा. कॉलेजं बंद, पारा पंचेचाळीसवर, शिबिरं होत नाहीत. मामांच्या मुलाची पिशवी अशाच एखाद्या पोराला गेली असेल तर मला ते फार आवडेल. मावशींना आवडेल की नाही, माहीत नाही.

पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. मामांच्या मुलाचा नंबर आता जूनमध्ये लागेल. एप्रिल-मेसाठी आपल्यातलं कोण कोण येतंय ते ग्रुपवर कळवा. वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन निदान १२.५ हवं. ज्यांचं कमी भरेल त्यांनी कोणती भाजी खायची, ते मावशी सांगतीलच.