ती काच कोरी नव्हती



आमच्या एका काकांनी फार वर्षांपूर्वी लंडनहून एक होलोग्राम आणला होता. बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली तो टांगलेला असे. येणारे-जाणारे विचारत, "ही काळी काच इथे कशाला?" काका वारले, घराची आवराआवर झाली आणि काच कचऱ्याच्या ढिगात गेली. मी सहज तिच्यावर वरून टॉर्च धरला, तर आत एक शंख उभा राहिला! मान हलवली की त्याची दुसरी बाजू दिसे. मुले काचेमागे हात घालून शंख शोधू लागली. दोष काचेचा नव्हता. ती पाहावी कशी, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

होलोग्राम म्हणजे साधा फोटो नव्हे. लेसरचा काही प्रकाश वस्तूवरून परतून पट्टीवर येतो, काही सरळ येतो. दोन्ही मिळून जी अतिसूक्ष्म नक्षी उमटते, तिच्यात वस्तूची खोलीही नोंदली जाते. डेनिस गाबोर यांनी १९४७ साली ही युक्ती शोधली आणि १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या प्रकाशात दिसणारा होलोग्राम सोव्हिएत शास्त्रज्ञ युरी डेनिस्युक यांच्या पद्धतीमुळे शक्य झाला.

काही जण म्हणतात, हे खेळणे आहे, कला नव्हे. खेळणी पुष्कळ निघाली, हे खरे. पण इंग्लंडच्या मार्गारेट बेन्यन यांनी १९६८ पासून याच माध्यमात चित्रकाराच्या नजरेने काम केले. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली होलोग्राफीचे संग्रहालय उघडले. ते १९९२ साली बंद पडले, तरी त्याचा संग्रह एम.आय.टी.च्या संग्रहालयाने सांभाळला. जिथे सांभाळणारे कोणी नव्हते, तिथल्या काचांचे काय झाले असेल, ते आमच्या काकांच्या घरावरून समजते.

आज तर 'होलोग्राम' हा शब्दच स्वस्त झाला आहे. २०१२ साली अमेरिकेत दिवंगत गायक तुपाक शकूर रंगमंचावर 'अवतरला', तेव्हा सगळे होलोग्राम म्हणाले. तो पारदर्शक पडद्यावरचा प्रतिबिंबाचा जुना खेळ होता. खरा होलोग्राम मोबाइलच्या फोटोतही मावत नाही. फोटोत एकच बाजू येते. त्याच्यासमोर स्वतः उभे राहावे लागते. शेजारी उभ्या दोघांना त्याच्या दोन निराळ्या बाजू दिसतात. माझ्या मते हीच त्याची कला.

म्हणून माझे सांगणे असे. कोणाच्या घरी अशी काच असेल, तर ती फेकण्याआधी खोलीत अंधार करून एकाच लहान, तेजस्वी दिव्याने वरून तिरका प्रकाश टाकून पाहा. ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट, त्यात चित्र विरून जाते. आपल्या बेटाची हवा दमट आहे. काही होलोग्राम जिलेटिनच्या थरावर असतात आणि ओल लागली की त्यांचे चित्र नाहीसे होते. तेव्हा काचेची कड उघडू नका आणि ती ओल्या भिंतीवर टांगू नका. विकत घ्यायचा असेल, तर योग्य दिव्याखाली पाहूनच घ्या.

आणि मुलांना एक तरी करू द्या. लहान लेसर व रसायनांत न धुता तयार होणारी फिल्म आता मिळते. वस्तू कडक हवी, नाणे किंवा शंख चालेल. फुलाची पाकळी किंचित हलली तरी चित्र बिघडते. रस्त्यावरून बस गेली तरी हादरा पुरतो. वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे आणि लेसरच्या किरणात कोणी डोळा घालू नये. अंधारात काही मिनिटे सगळ्यांनी स्तब्ध बसायचे. हल्लीच्या मुलांना ही शिस्तही थोडी नाही.

काकांची काच आता आमच्या घरी आहे, वर एकच दिवा लावून. पाहुणे अजूनही विचारतात, "ही काळी काच कशाला?" आता आम्ही सांगत नाही. दोन पावले बाजूला सरका, एवढेच म्हणतो.