कॅमेरा भारी, की कॅमेरावाला?

बोनस जमा झाला की ऑफिसात दोन जमाती दिसायला लागतात. एक बाइकवाले, दुसरे कॅमेरावाले. बाइकवाल्यांचं ठीक आहे, पेट्रोलचे भाव त्यांना जमिनीवर ठेवतात. कॅमेरावाल्यांचं मात्र अवघड असतं. बॉडी झाली की लेन्स, लेन्स झाली की फ्लॅश, मग बॅग. फोटो काढायचं तेवढं राहून जातं!

भाईंदरला केबिन रोडवर राहणारा माझा एक मित्र सध्या याच फेऱ्यात आहे. सोमवार ते शुक्रवार अंधेरीत नोकरी, शनिवार-रविवार साखरपुडे, बारशी आणि लग्नं. हात चांगलाय त्याचा. पण हल्ली पार्टी अल्बम बघायच्या आधीच विचारते, ‘‘कॅमेरा कुठला?’’ त्यामुळे साहेबांना नोकरी सोडायची आहे आणि ईएमआयवर फुल-फ्रेम घ्यायचा आहे. दोन्ही एकाच महिन्यात! घरी आईचा बीपी वाढलाय.

आता याला काय सांगायचं? ‘टॅलंट महत्त्वाचं रे’ हे बोलायला सोपं आहे. म्हणून थेट दादासाहेब फाळक्यांकडे जाऊ.

१९१२ साली फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हाताने हँडल फिरवायचं, स्क्रीन-बिक्रीन काही नाही. सिनेमा काढायचा तर पैसा हवा. मग या माणसाने कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त दिवस फ्रेम्स टिपल्या. तयार झाली जेमतेम मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’. ती बघून कर्ज द्यायला माणसं पुढे आली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आज तोच टाइम-लॅप्स आपल्या फोनमध्ये फुकट आहे. आपण त्यात काय काढतो? ट्रॅफिक!

पण गोष्टीची दुसरी बाजूही बघा. फाळके कॅमेऱ्यासाठी लंडनपर्यंत गेलेच ना! फिल्मला भोकं पाडायचं यंत्रसुद्धा त्यांनी मागवलं. म्हणजे यंत्राशिवाय त्यांचंही अडत होतं. फक्त तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. जे. जे. स्कूलमधलं शिक्षण, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, छपाईचा धंदा, हे सगळं आधीच पाठीशी होतं. आधी नजर तयार झाली, मग कॅमेरा आला.

यंत्र कुठे अडतं, तेही सांगते. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे असतील तर लांब पल्ल्याची लेन्स लागणारच. तिथे नजर कितीही तयार असली तरी पक्षी ठिपक्याएवढाच येणार. तसंच कमी उजेडाच्या हॉलचं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर येते. त्याऐवजी साधी ५० एमएम, एफ १.८ लावा, नऊपटीहून जास्त प्रकाश आत येतो. जिथे किट लेन्स १/१५ सेकंदावर अक्षता टाकणारे हात पुसट करते, तिथे ही १/१२५ वर ते स्वच्छ टिपते. आणि ही लेन्स नव्या बॉडीच्या तुलनेत अगदीच स्वस्त पडते.

मात्र मंगलाष्टकं संपत आली, आता अंतरपाट खाली जाणार आणि नवरी पहिल्यांदा वर बघणार, हे कुठलाच ऑटोफोकस सांगत नाही. त्या सेकंदाला भटजी आणि मामा यांच्यामधली जागा आधीच पकडून उभं राहावं लागतं. ती जागा दुकानात मिळत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंसमोर उभं राहिल्यावर लेन्स कितीची असेल, हे डोक्यातसुद्धा येत नाही. त्या माणसांनी याला इतक्या जवळ येऊ कसं दिलं, हेच मनात येतं.

तेव्हा मित्रा, आणि त्याच्यासारख्या तमाम वीकएन्ड फोटोग्राफर्सनो, फंडा सोपा आहे. आत्ताच्या कॅमेऱ्याने नेमका कुठला फोटो हुकतोय, ते कागदावर लिहा. अंधारामुळे हुकत असेल तर लेन्स घ्या. अंतरामुळे असेल तर मुंबईत दिवसाच्या भाड्याने लेन्स मिळते. ती आणा आणि भाडं पार्टीच्या बिलात लावा. उशिरा पोहोचल्यामुळे हुकत असेल तर आधीची लोकल पकडा, ती सगळ्यात स्वस्त. फुल-फ्रेम घ्यायचाच असेल तर त्याचा हप्ता सहा महिने फोटोंच्या कमाईतून बाजूला काढून दाखवा. जमलं तर कॅमेरा घ्या. नोकरी सोडायचं नंतर बघू.

आणि पार्टीने ‘कॅमेरा कुठला?’ विचारलं, तर कंपनीचं नाव खुशाल सांगा. फक्त सांगता सांगता अल्बम उघडून पुढ्यात ठेवा.