डावा हात आरोपीच्या पिंजऱ्यात

डावखुऱ्या मुलांविषयी आपल्या समाजात दोन प्रकारची भीती आहे. एक जुनी : डावा हात अशुभ. दुसरी नवी, विज्ञानाचा अंगरखा घातलेली : डावखुरी माणसे आजारी असतात, लवकर मरतात. पहिली भीती खोटी आहे हे शिकलेले पालक चटकन मान्य करतात. दुसरीला मात्र तेच बळी पडतात आणि मुलाच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात कोंबतात. म्हणून या दुसऱ्या आरोपाचा पुरावा तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते.

1991 साली कोरेन आणि हॅल्पर्न या मानसशास्त्रज्ञांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे एक हजार मृतांची माहिती मांडली. उजव्या हाताची माणसे सरासरी 75 व्या वर्षी, तर डावखुरी 66 व्या वर्षी वारली होती. नऊ वर्षांचा फरक! ही बातमी जगभर पसरली.

आता उलटतपासणी घेऊ. आमच्या एखाद्या वस्तीतील गेल्या वीस वर्षांतील मृतांची नोंद काढा. पदवीधरांचे सरासरी वय निरक्षरांपेक्षा कमी भरेल. म्हणून पदवीने आयुष्य घटते काय? मुळीच नाही. जुन्या पिढीला पदवीपर्यंत पोहोचूच दिले नव्हते, त्यामुळे पदवीधर तरुण पिढीतच अधिक. अमेरिकेत डावखुऱ्यांचे तेच झाले. जुन्या पिढीतील मुलांना मारून, दटावून उजव्या हाताने लिहायला लावले गेले आणि पुढे त्यांची नोंद ‘उजवे’ म्हणूनच झाली. 1986 साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या पाहणीत दहा लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. त्यातही वृद्धांमध्ये डावखुरे तरुणांपेक्षा फारच थोडे आढळले. पुढे 1993 साली ईस्ट बोस्टनमधील तीन हजारांहून अधिक वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाताचा आणि मृत्यूचा संबंध आढळला नाही. जबरदस्ती समाजाने केली आणि दोष शरीराच्या नावावर चढला!

मग आजारांशी काहीच संबंध नाही काय? तसे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्किझोफ्रेनिया व स्वमग्नता असलेल्यांत डावखुऱ्यांचे प्रमाण काहीसे जास्त आढळते. 2019 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे चार लाख लोकांची जनुकीय माहिती तपासली. डावखुरेपणाशी निगडित जनुकांचा स्किझोफ्रेनियाच्या किंचित जास्त आणि कंपवाताच्या किंचित कमी शक्यतेशी संबंध दिसला. फरक अत्यंत लहान आहे आणि हात हे आजाराचे कारण असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. जगात दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा आहे. त्यांतील बहुसंख्यांना यातला कोणताही आजार कधी होत नाही. शिवाय पेन्सिल दुसऱ्या हातात दिल्याने जनुके बदलत नाहीत.

पालकांनी लक्ष ठेवायचेच असेल तर वेगळ्या गोष्टीवर ठेवावे. वर्षाच्या आतले बाळ कायम एकच हात वापरत असेल, मग तो उजवा का असेना, तर दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो. मोठे मूल किंवा माणूस नेहमीचा हात अचानक टाळू लागला तर तेही धोक्याचे लक्षण आहे. अशा वेळी विनाविलंब डॉक्टर गाठावा. गंडे-दोरे आणि छडी यांचा तिथे काही उपयोग नाही.

राहिला प्रश्न शाळेचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. डाव्या हाताने लिहिले म्हणून हातावर पट्टी मारणे, वर्गात हसे करणे हे त्याच कलमाचे उल्लंघन आहे आणि त्यासाठी शिक्षकावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तेव्हा पालकांनी गप्प बसू नये. मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी तक्रार करावी, तिची पोच घ्यावी. बाकावर डावखुऱ्या मुलाला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे कोपर अडणार नाही. त्याला पैसा लागत नाही.

शुद्ध आणि अशुद्ध अशी माणसांची वाटणी ज्यांनी सोसली, त्यांनी तरी आपल्या लेकराच्या दोन हातांत ती वाटणी करू नये.