शिकवलेच नाही, तर दिसणार कसे?

‘आहारविकार ही पाश्चात्त्यांची थेरे, आपल्याकडे पोटाचीच भ्रांत,’ हा युक्तिवाद वैद्यकीय वर्तुळात अजूनही ऐकू येतो. तो खोटा आहे. १९९५ मध्येच दिल्लीच्या एम्समधील खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली होती. अन्न नाकारणे, उलट्या, घटत जाणारे वजन, सारे होते. नव्हती ती लठ्ठपणाची भीती. म्हणजे आजार इथेही होता, पाठ्यपुस्तकातले त्याचे पाश्चात्त्य रूप तेवढे नव्हते. २०१३ च्या डीएसएम-५ ने या भीतीची अट सैलही केली.

आणि आपले एमबीबीएस? तेथे मनोविकारशास्त्राची स्वतंत्र परीक्षाच नाही. जनरल मेडिसिनच्या प्रश्नपत्रिकेत त्याला कोपरा मिळतो. परीक्षेत न येणारे विद्यार्थी वाचत नाहीत (त्यांना दोष तरी कसा द्यावा?). मग अशी मुलगी एंडोस्कोपी, आम्लपित्ताच्या गोळ्या आणि जंताच्या औषधांत दिवस काढते. रुग्णालयात दाखल झाल्यावरही धोका टळत नाही: दीर्घकाळ उपाशी देहाला एकदम भरपूर अन्न किंवा ग्लुकोज दिले, तर रक्तातील फॉस्फेट कोसळून हृदय बंद पडू शकते. रात्रपाळीच्या इंटर्नला हे ठाऊक हवे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते परीक्षेत विचारायला लावावे.