पेशी जिवंत पोचली पाहिजे

बायोप्सीचा तुकडा हाती आला की आपण तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतो. निदानासाठी तेच योग्य; पण फॉर्मालिनमध्ये पडलेली पेशी मेली. रुग्णाच्या गाठीपासून ऑर्गनॉइड, म्हणजे औषधे आधी तपासून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेली गाठीची जिवंत छोटी प्रतिकृती, तयार करायचे तर तुकडा प्रतिजैविके घातलेल्या थंड पोषकद्रवात, बर्फावर, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचावा लागतो. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून पुण्या-मुंबईपर्यंत तो कसा न्यायचा, यावर कोणी बोलत नाही. नव्या औषधांवर मात्र परिसंवाद होतात.

या तंत्राची ताकद कुठे आहे ते नीट पाहू. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगांचे ऑर्गनॉइड वाढवले होते. ऑर्गनॉइडवर चाललेले औषध रुग्णालाही लागू पडण्याचे प्रमाण ८८ टक्के; तिथे न चाललेले रुग्णालाही लागू न पडण्याचे १०० टक्के. रुग्ण थोडे होते, तरी दुसरा आकडा आपल्या कामाचा आहे. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन केमोचा खर्च भागवणाऱ्या घराला ‘हे औषध नको’ एवढे आधी कळले तरी पुढच्या हंगामाचे कर्ज टळेल.

पण घाई नको. नेदरलँड्समधल्या अभ्यासात इरिनोटेकॅनचा अंदाज बरोबर आला, ५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन एकत्र देताना आला नाही. तिथल्याच ‘सेन्सर’ चाचणीत ५४ रुग्णांची बायोप्सी झाली, ३१ जणांचे ऑर्गनॉइड वाढले, त्यावरून सहा जणांना औषध दिले. एकाचीही गाठ अपेक्षेप्रमाणे आटली नाही. म्हणून चाचणीच्या चौकटीबाहेर रुग्णाकडून पैसे घेऊन असा रिपोर्ट देणे आम्हाला मान्य नाही.

बीड जिल्ह्यात तर हे अधिकच ठासून सांगावे लागते. तीन वर्षांत इथल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितले. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे डॉक्टरांनी सांगितल्याचे कित्येक ऊसतोड बायांनी नोंदवले आहे. ज्या भागात कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया झाल्या, तिथे नवी तपासणी नेताना पुरावा आधी आणि पावती नंतर, हाच क्रम हवा.

खेड्यात असे पुराव्यानिशी काम होत नाही, हे आम्ही मानत नाही. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे त्यातून जगाला कळले. गावोगाव नोंद आणि पाठपुरावा चोख ठेवला, म्हणूनच तो निष्कर्ष उभा राहिला.

ऑर्गनॉइडचा निकाल यायला कित्येक आठवडे लागतात. दिवाळीनंतर तुकडा घेतला तर रिपोर्ट येईपर्यंत बाई पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असेल. तेव्हा चाचणी आखणाऱ्या संस्थांनी शिरूर कासारसारख्या तालुक्यातले रुग्ण सुरुवातीपासून धरावेत आणि नमुन्याची वाहतूक व रुग्णाच्या परतीचा प्रवास यांचा खर्च अंदाजपत्रकातच मांडावा. तालुक्यातल्या डॉक्टरांनी संमतीपत्र मराठीत वाचून दाखवावे आणि केसपेपरवर गावच्या पत्त्याखाली फडाचे ठिकाण, कारखान्याचे नाव आणि हंगामात लागणारा फोन नंबर आजपासूनच लिहून घ्यावा.